जास्तीचा एक दिवस

तात्याबांच्या नजरेचं कौतुक करायला बसलं तर दिवस पुरायचा नाही. मलकापूरच्या पुढे हायवेला लागून एक फार्मसी कॉलेज आहे. त्याच्या मागच्या अंगाला, कँटीन आणि जनरेटर यांच्या मधोमध, प्राणीगृह म्हणून एक बुटकी इमारत आहे. तिथे तात्याबा सोळा वर्षं उंदीर सांभाळत होते. माणूस मूळचा म्हसवडकडचा, मेंढरांमागं वाढलेला. दोनशे मेंढरं समोरून गेली तर त्यातलं कोणतं आज कमी चरलंय हे ते बसल्या जागी सांगत, आणि एसीच्या खोलीत प्लास्टिकच्या पिंजऱ्यांसमोरही ही नजर काही गंजली नव्हती. त्यांची बायको हरणाबाई मात्र या नोकरीला कधी नोकरी म्हणाली नाही. "आमचं मालक उंदरं वळत्यात," असं ती पाव्हण्यांना सांगायची आणि तात्याबा शेजारी बसून मुकाट चहा प्यायचे.

संयोगिता तिथे पीएचडीला आली तेव्हा तात्याबांना वाटलं, ही आणखी एक. चार दिवस उंदराला हात लावायला घाबरेल, मग हातमोज्यातून चावा घेतला की रडेल, आणि थीसिस झाला की ओळखही दाखवणार नाही. झालं उलटंच. पोरगी साताऱ्याजवळच्या एका ऊसवाल्या गावातली, घरात दर पिढीला एक तरी फौजेत. पहिल्याच दिवशी उंदीर तिला कडकडून चावला. तिनं तो हळूच पिंजऱ्यात सोडला, बोट नळाखाली धरलं आणि विचारलं, "मामा, माझं पकडायचं कुठं चुकलं?" कॉलेजात शिपायापासून सगळ्या वडीलधाऱ्यांना मामाच म्हणतात, पण असा प्रश्न इतक्या वर्षांत कोणी विचारला नव्हता. तात्याबा त्या दिवसापासून तिच्या बाजूचे झाले.

तिला एवढी निकड का, ते महिन्याभरात कळलं. तिचा धाकटा भाऊ जयराज फौजेत होता. सव्विसाव्या वर्षी एका सकाळी त्याला उजव्या डोळ्यानं धूसर दिसायला लागलं. ते बरं होतंय तोवर डावा पाय बधिर झाला. मल्टिपल स्क्लेरॉसिस, असं निदान निघालं आणि बंदूक खाली ठेवून तो घरी आला. शेतातल्या मोटारीच्या वायरीचं आवरण कुरतडलं गेलं की मोटार कधी चालते, कधी अडते. तसं या आजारात मज्जातंतूंवरचं आवरण जातं. कुरतडणारं बाहेरचं कोणी नसतं. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच आपल्या माणसावर उलटतात. जयराजला हे समजावलं तेव्हा तो म्हणाला होता, "म्हंजे आपल्याच पलटणीनं गोळी घातली की." मिरजेच्या डॉक्टरांची औषधं चालू होती. त्या औषधांनी नवे हल्ले कमी होत. पण आवरण वाचवणारं काही हवं होतं. संयोगितानं प्रयोगशाळेत बनवलेल्या एका औषधाबद्दल तिला तशी आशा होती. आशा म्हणजे पुरावा नव्हे, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तात्याबांना तिचं हेच सगळ्यात आवडायचं.

प्रयोग असा होता. चाळीस काळे उंदीर. त्यांना टोचून तसाच आजार आणायचा. मग निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं पाणीवजा द्रव. बाटल्यांवर फक्त अ आणि ब. कशात काय आहे ते लिहिलेला कागद पाकिटात बंद, पाकीट गाईड सरांच्या कपाटात. रोज सकाळी प्रत्येक उंदराची चाल बघून गुण द्यायचे. शेपटी लुळी पडली की एक. मागचे पाय डगमगले की दोन. मागचे पाय ओढत चालला की तीन. पुढचेही पाय गेले की चार. आणि चार गुण पडले की त्याच संध्याकाळी त्या जिवाला भूल देऊन शांतपणे संपवायचं. नियमच तसा होता.

गुण कोणी द्यायचे यावर बराच खल झाला. शेवटी एका सकाळी, सरावापुरत्या आजारी केलेल्या उंदरांचे पिंजरे पुसता पुसता तात्याबा म्हणाले, "म्याडम, ह्या सात नंबरची शेपटी गेली." संयोगितानं उचलून बघितलं, दोन विद्यार्थ्यांनी बघितलं, शेपटी चांगली वळत होती. दुसऱ्या दिवशी ती लोंबायला लागली. तिनं त्याच दिवशी सरांना सांगितलं, गुण तात्याबा देतील. सर जरा चाचरले. दहावी नापास माणूस आणि पीएचडीचं रजिस्टर. "सर, मला डिग्री नाही, नजर पाहिजे," ती म्हणाली आणि महिनाभर तात्याबांना शिकवून, परीक्षा घेऊन, रजिस्टर त्यांच्या हातात दिलं. त्या दिवशी घरी जाऊन तात्याबांनी हरणाबाईला हे दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "ऐकलं की एकदा." पण संध्याकाळी शेजारणीला तिनंच सांगितलं.

आता चूक कुठे झाली ते सांगितलं पाहिजे, आणि ती तात्याबांसारख्याच माणसाकडून होऊ शकत होती.

त्यांच्या लहानपणी मेंढरं घेऊन गावोगाव हिंडताना संध्याकाळी बाप वाटेच्या तोंडाशी उभा राहायचा आणि एकेक मेंढरू समोरून सोडायचा. एखादं लंगडताना दिसलं आणि कोणी ते बोलून दाखवलं, की येत्या बाजारात ते खाटकाकडे जाणार हे ठरलेलं. म्हणून आई आणि पोरं गप्प बसायची. लंगडणारं कोकरू कळपाच्या मधोमध ढकलायची. एक दिवस बघायचं. पुष्कळदा पायात काटा असायचा, रात्री आई तो काढायची आणि सकाळी कोकरू टुणटुण उड्या मारत पुढे. असे कितीतरी जीव त्या एका दिवसानं वाचले होते. सांगायच्या आधी एक दिवस द्यायचा, हे तात्याबांच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की तो आपला नियम आहे हेही त्यांना माहीत नव्हतं.

पहिला उंदीर चारवर आला तेव्हा त्यांनी पेन उचललं, आणि तीन लिहिलं. एक दिवस बघू. त्याला ड्रॉपरनं पाणी पाजलं, दाणा भिजवून तोंडाशी ठेवला, खाली मऊ कापसाची गादी केली. दुसऱ्या दिवशी चार लिहिलं. मग दुसऱ्याला तसंच. एक तर दोन दिवसांनी खरोखरच पुढच्या पायांवर उठला, आणि मग तात्याबांना वाटलं आपलंच बरोबर. उद्या चाराला तीन लिहायचं तर आज तिनाला दोन लिहिलेलं बरं दिसतं, असंही झालं. लबाडी म्हणून नव्हे. मनात लबाडी असती तर त्यांना झोप लागली नसती, आणि त्या महिन्यात ते गाढ झोपत होते.

पाकीट उघडलं त्या दिवशी संयोगिता संगणकासमोर बराच वेळ बसून राहिली. औषधवाले आणि बिनऔषधवाले यांच्यात फरक होता, पण इतका बारका की नुसत्या योगायोगानंही पडावा. तात्याबा दारात उभे होते. "न्हाई का चाललं औषध?" त्यांनी विचारलं.

"असं दिसतंय मामा." ती वळली तेव्हा हसायचा प्रयत्न करत होती. "आपलं काम बघायचं होतं. बघितलं."

पण पंधरा दिवसांनी स्लाइड तयार झाल्या. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचे पातळ काप, त्यांना असा रंग दिलेला की आवरण शाबूत असेल तिथे निळं दिसावं. बिनऔषधवाल्यांच्या कापात निळ्याला भगदाडं पडलेली. औषधवाल्यांचा बराचसा काप निळाच. संयोगितानं तात्याबांना मायक्रोस्कोपातून बघायला लावलं. त्यांनाही फरक दिसला. आणि त्यांना बाकीचं सगळं लगेच समजलं. जे जास्त आजारी, त्यांनाच त्यांनी दिवस बहाल केले होते. म्हणजे बिनऔषधवाल्यांना. त्यांनी त्यांचं दुखणं कागदावर हलकं केलं होतं, आणि औषधाचं काम पुसून टाकलं होतं.

संयोगिताला वाटलं, चूक आपली. रंग बिघडला असेल, स्लाइडवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल. ती पुन्हा काप करायला बसली. एक आठवडा गेला, दुसरा गेला. दुपारचा डबा तसाच परत न्यायची. एकदा सर म्हणाले, "नोंदीच चुकल्या नसतील कशावरून?" ती ताडकन म्हणाली, "तात्याबांची नजर चुकायची नाही, सर. चुकले तर माझे हात चुकले असतील." तात्याबा तेव्हा बाहेर फरशी पुसत होते. कोणी थोबाडीत मारली असती तर परवडली असती.

त्यांनी हरणाबाईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग माझ्याम्होरं काय बसलाय? ती पोरगी तिकडं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळं सांगितलं. उभ्यानंच, टोपी हातात घेऊन. काटा, कोकरू, बाजार, चाराचे तीन. नोकरी जाणार हे धरूनच आले होते.

"किती जणांना?" संयोगितानं विचारलं.

"नऊ. नंबर सांगू? मला तोंडं पाठ हायती. कुठल्या दिवशी काय लिवायला पायजे हुतं, त्ये बी सांगतो. खोडून नीट करा."

"न्हाई मामा. आठवणीवरून रजिस्टर बदलता येत न्हाई. तुमची आठवण खरी असंल, पण मग कागदाला काय अर्थ ऱ्हातो." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून तर ऐकवत नव्हतं. मग ती म्हणाली, "आणि मला एक सांगा. ते नऊ जण त्या दिवशी कसे होते?"

कसे होते ते तात्याबांइतकं कोणाला ठाऊक होतं. कुशीवर पडलेले, मान उचलता येत नाही, डोळे चिकटलेले, श्वास तेवढा चालू. ड्रॉपरमधलं पाणी निम्मं बाहेर सांडायचं.

"चाराचा नियम आपल्या सोयीचा न्हाई, त्यांच्या सोयीचा हाय," ती म्हणाली. "त्यांच्या पायात काटा नव्हता, मामा. तुमी त्यांना दिवस दिला न्हाई. तो त्यांना काढावा लागला."

एवढंच. पण सोळा वर्षांत ते पहिल्यांदा प्राणीगृहात बसून रडले. आपण आजारी बनवलेल्या जिवाला निदान वेळेवर सोडवायचं, एवढा साधा न्याय आपण मोडला, आणि तो दयेच्या नावाखाली मोडला, हे त्यांना आतपर्यंत लागलं.

आता संयोगितानं काय केलं ते बघा. मनात आणलं असतं तर स्लाइड चांगल्या आल्याच होत्या. त्यावर निबंध छापला असता, रजिस्टर मागे ठेवलं असतं, कोणाला पत्ता लागला नसता. तिनं सरांना आणि प्राण्यांच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीला लेखी कळवलं की गुणांच्या नोंदी चुकीच्या आहेत आणि नऊ प्राण्यांना नियमापेक्षा जास्त त्रास झाला आहे. कारणाच्या जागी लिहिलं, नियम शिकवताना तो कशासाठी आहे हे मी सांगितलं नाही, जबाबदारी माझी. तात्याबांची चूकही लिहिली, लपवली नाही, पण एका ओळीत. मग सगळा प्रयोग पहिल्यापासून करायला परवानगी मागितली. एक वर्ष जास्त गेलं. घरी भाऊ काठी घेऊन हिंडतोय आणि ही बाई हाती आलेलं चांगलं उत्तर बाजूला ठेवून म्हणते, पुन्हा. असल्या माणसांना आपण फेटे बांधत नाही, हा आपला करंटेपणा.

समितीनं परवानगी दिली, एका अटीवर: या वेळी गुण दोघांनी वेगवेगळे द्यायचे. दुसरी व्यक्ती म्हणून पल्लवी नावाची विद्यार्थिनी आली. पहिले मात्र तात्याबाच. "मी चुकलोय, दुसरा बघा," असं ते म्हणाले तेव्हा संयोगिता म्हणाली, "चूक सांगायला येणारा माणूस मला परत कुठं मिळंल?"

दुसऱ्या खेपेला तात्याबा वेगळे होते. दाणा तसाच भिजवायचे, गादी तशीच करायचे, पण पेन उचललं की हात थांबायचा नाही. एकवीस नंबरचा उंदीर त्यांच्या बोटाचा वास ओळखून दाराशी यायचा. बाविसाव्या दिवशी तो आला नाही. त्यांनी त्याला तळहातावर घेतलं, पुढचे पाय तपासले, खाली ठेवलं आणि चार लिहिलं. मग स्वतः पिंजरा उचलून संयोगिताकडे नेला. "संध्याकाळपत्तुर कशाला थांबायचं," एवढंच म्हणाले. सगळं होईपर्यंत ते तिथेच उभे राहिले.

पाकीट उघडलं. या वेळी आकड्यांना कोणाच्या मेहेरबानीची गरज नव्हती. औषधवाल्यांना आजार चार-पाच दिवस उशिरा आला होता, हलका आला होता, आणि चारपर्यंत त्यातले फक्त दोघे पोचले होते. पल्लवीचे गुण आणि तात्याबांचे गुण जवळजवळ जुळत होते. स्लाइडही तेच बोलत होत्या. संयोगितानं खुर्चीला डोकं टेकून डोळे मिटले. मग लगेच सरळ बसून म्हणाली, "हे उंदरांचं झालं. उंदरात चाललेली किती औषधं माणसात पडत्यात. अजून लय लांब हाय." तात्याबांना हसू आलं. आनंदाच्या दिवशीसुद्धा ही पोरगी एक गुण जास्त लिहायची नाही.

कॉलेजात बाहेरून मोठे तज्ज्ञ येणार होते, त्यांच्यासमोर तिला हे मांडायचं होतं. त्यांना पटलं तर औषध पुढच्या टप्प्याला जाणार, नाही तर कपाटात. आदल्या दिवशी दुपारी जयराज आला. ताईचं काम एकदा बघायचं म्हणाला. गाडी गावातल्या मित्रानं चालवली होती. तात्याबा प्राणीगृहाच्या पायरीवर उभे होते आणि जयराज फाटकापासून चालत येत होता, छाती पुढे, काठी रुबाबात. ते साठ-सत्तर पावलं असतील. तात्याबांनी पहिली दहा बघितली आणि त्यांना कळलं.

"फौजी, डावा पाय कवापास्नं?"

"कसला डावा? त्यो तर जुनाच हाय, मामा."

"जुना टाच घासतो, ती कवाच झिजलीया. ह्यो बोटं घासतोय. बुटाचं टोक बघा."

जयराजनं खाली बघितलं नाही. इकडेतिकडे बघून तो जवळ आला. "परवापास्नं. बेंबीखालनं मुंग्या बी येत्यात. डॉक्टर म्हणले हुते, नवीन काय झालं आन चोवीस तास टिकलं तर लगेच या, सलाइनमधनं औषध द्यावं लागंल. आवं पण उद्या ताईचा दिवस हाय. तिला आज कळलं तर ती उद्या उभी ऱ्हायाची न्हाई. तीन वर्सं घातल्यात तिनं ह्यात. उद्या सांच्याला मीच सांगतो. मामा, एक दिवस द्या मला."

तीस वर्षांचा धिप्पाड गडी, आणि बोलताना डोळे कोकरासारखे. मागणं काही वावगं नव्हतं. बहिणीसाठी मागत होता. तात्याबांना त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. त्यांनी त्याच्या दंडाला धरलं, पायरीवर नीट बसवलं, काठी भिंतीला टेकवली.

"ह्यो दिवस माज्याकडं न्हाई, फौजी," ते म्हणाले. "मागं लय वाटून बसलोय."

आणि ते आत गेले. संयोगिता उद्याची चित्रं शेवटची तपासत होती. टेबलावर दोन्ही खेपांची रजिस्टरं उघडी होती.

"म्याडम, फौजी आल्यात. डावा पाय नवा गेलाय. परवापास्नं. तुमास्नी सांगू नगा म्हणत्यात. मिरजंला न्या, आत्ताच्या आत्ता."

तिनं तात्याबांच्या तोंडाकडे एकदा बघितलं. नक्की का, असं तिनं विचारलं नाही. हातमोजे काढले, रजिस्टरं मिटून तात्याबांच्या हातात दिली आणि गाडीची किल्ली घेऊन बाहेर पडली.